आधी फटी बुजवा!

आपल्या अभ्यासक्रमात प्रत्येक इमारत पूर्ण झालेली असते. ड्रॉइंग शीटवर प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, शेजारी दारं-खिडक्यांचा तक्ता, सगळं कसं जागच्या जागी! प्रत्यक्षात मात्र आपल्या मराठवाड्यात कितीतरी माणसं अर्ध्यावर थांबलेल्या घरात राहतात. भिंती उठल्या आणि पैसे संपले. पत्रे पडले, पण दार राहिलं. गिलावा पुढच्या सुगीला करू म्हणतात आणि सुगीच्या पैशाला आधी दवाखाना लागतो, नाहीतर पोरीचं लग्न. असं करत करत 'सध्यापुरतं' म्हणून उभं केलेलं घर दहा-दहा वर्षं तसंच राहतं आणि त्या दहा वर्षांत दहा हिवाळे येऊन जातात.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. घर पूर्ण व्हायचं तेव्हा होईल, पण ज्या दिवशी माणूस त्यात झोपायला लागला त्या दिवसापासून वारा अडवणं हे पहिलं काम आहे. ते स्वस्त आहे, घरच्या सामानात होतं आणि आपण इंजिनिअर लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आपण ब्लँकेट वाटतो, फोटो काढतो आणि परत येतो.

'मराठवाड्यात कसली आली थंडी?' असं पुण्या-मुंबईकडचे मित्र हमखास विचारतात. त्यांच्यासाठी सांगते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा ३ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. आपल्याकडे समुद्र नाही, हवा कोरडी, रात्री आभाळ स्वच्छ. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर उष्णता टाकून देते. मे महिन्यात भाजून काढणारा हाच भाग डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हाडं गोठवतो. पण आपलं सगळं घरबांधणीचं डोकं उन्हाळ्याभोवती फिरतं, आणि हिवाळा म्हणजे काय दोन महिन्यांचा पाहुणा, जाईल निघून, असं आपण धरून चालतो.

हे सगळं डोक्यात आलं ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरामुळे. शिबीर गंगाखेड तालुक्यात होतं. गंगाखेड म्हटलं की गोदावरीचा काठ आणि संत जनाबाई आठवते. पण तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग बालाघाटच्या डोंगरांचा आहे. तिथे गावं विरळ, तांडे माळावर आणि शेतं गावापासून लांब. म्हणून शेतातच आखाडा बांधतात. शहरातल्या मित्रांचा गैरसमज नको, इथे कुस्ती होत नाही! परभणीकडे शेतातल्या वस्तीच्या घराला आखाडा म्हणतात. बैल, अवजारं, कडबा आणि ते राखणारा माणूस, सगळे तिथेच. रात्री रानडुकरांपासून पीक राखायचं असतं. लाइटची पाळी रात्रीची असली तर गव्हा-हरभऱ्याला पाणीही रात्रीच द्यायचं. म्हणजे भिजलेल्या पायांनी पहाटे तीन वाजता माणूस ज्या खोलीत परत येतो, ती ही खोली.

आम्ही जो आखाडा पाहिला तो दहा बाय बाराचा. विटांच्या उघड्या भिंती, ना आतून गिलावा ना बाहेरून. एका उताराचे पत्रे, दोन्ही खिडक्यांना नुसती चौकोनी भोकं, त्यांत कोंबलेली पोती. दार म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा, खाली चांगली दोन बोटं फट. परांची बांधताना भिंतीत सोडलेली भोकंसुद्धा तशीच होती. तिथे एक सालगडी, त्याची बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई राहत होती. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. त्यामुळे पुढच्या वर्षी हे कुटुंब याच आखाड्यावर असेल की नाही याचीही खात्री नाही. मालकाला घर पूर्ण करायची घाई नाही आणि गड्याला ते स्वतःचं नाही. अशा घराला वाली कोण?

आता जरा आपल्या भाषेत बोलू. हिशेब ढोबळ आहे, पण फंडा क्लिअर होईल. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 'आयएस ८७५'च्या तिसऱ्या भागात सूत्र आहे, ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ताशी नऊ-दहा किलोमीटरचा वारा, म्हणजे निवांत सायकल मारताना लागतो तेवढा, साधारण ४ पास्कल दाब देतो. एक मीटर रुंद दाराखाली दोन सेंटिमीटरची फट असेल, तर एवढ्या दाबाने तिच्यातून तासाला सुमारे ११० घनमीटर हवा आत येऊ शकते. दहा बाय बाराची, नऊ फूट उंच खोली म्हणजे साधारण ३० घनमीटर. एकट्या दाराखालच्या फटीने खोलीतली सगळी हवा तासाला साडेतीन वेळा बदलली! चुलीने तापवलेली हवा आपण वीस मिनिटंही आत ठेवू शकत नाही.

पण आत आलेली हवा बाहेर जायलाही वाट हवी. ती वर असते, आणि ती कोणाच्या लक्षातच येत नाही. पन्हाळीचा पत्रा भिंतीवर टेकतो तेव्हा प्रत्येक लाटेखाली एक पोकळी राहते. लाट साधारण अठरा मिलिमीटर खोल, म्हणजे सरासरी नऊ मिलिमीटरची फट. बारा फुटांच्या दोन भिंतींवर ती मोजली तर एकूण क्षेत्रफळ दहा इंच बाय दहा इंचाच्या खिडकीएवढं भरतं. आता विचार करा, तुमच्या होस्टेलच्या रूममध्ये डोक्यावर एवढी खिडकी जानेवारीत रात्रभर उघडी ठेवली तर किती जण झोपतील? गरम हवा हलकी, ती वर जाते आणि या फटींतून निसटते. तिची जागा घ्यायला दाराखालून गार हवा ओढली जाते. बाहेर वारा पडलेला असला तरी हे चालूच राहतं. धुराड्याचं तत्त्व हेच. इथे सगळं घरच धुराडं झालेलं असतं.

म्हणूनच नुसतं ब्लँकेट पुरत नाही. गोधडी ऊब देते ती कापडामुळे कमी आणि कापडात अडकलेल्या हवेमुळे जास्त. स्थिर हवेसारखं इन्सुलेशन नाही आणि ते फुकट आहे. पण हवा स्थिर राहिली तरच! फटीतून वारा गोधडीत शिरला की ती अडकलेली हवा गेली आणि ऊबही गेली. ब्लँकेट वाटू नका असं मी म्हणत नाही, जरूर वाटा. पण वारा वाहत्या खोलीत ब्लँकेट वाटणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं आहे.

मग आम्ही काय केलं? दोन दुपारी मिळाल्या होत्या आणि सामान तिथलंच. तुराट्या, कडबा, माती, शेण, गव्हाचा भुसा, खताची रिकामी पोती, जुनं बारदान, ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब आणि ठिबकची निकामी झालेली नळी. विकत आणले ते खिळे, बाइंडिंग वायर आणि सुतळी.

पहिलं काम फटी शोधणं. संध्याकाळी चूल बंद असताना उदबत्ती पेटवून सगळ्या भिंतींवरून, कोपऱ्यांतून हळूहळू फिरवली. धूर जिथे आडवा पळतो तिथे फट. थंड देशांतही लोक घराची तपासणी अशीच करतात, फक्त तिथे जोडीला पंखे लावून दाब मोजणारी महागडी यंत्रंही असतात. आमच्या टीमचं मत होतं की खिडक्यांची भोकं सर्वांत मोठी, सुरुवात तिथून करू. म्हातारी आजी हसल्या. म्हणाल्या, "माय, खिडकीत मी पोतं कोंबलंय की. वारं वरून जातंय अन् खालून येतंय. आधी ते बघावं, मग माती कालवावी." उदबत्तीनेही तेच सांगितलं. ज्याला आपण 'स्टॅक इफेक्ट' म्हणून दोन मार्कांसाठी पाठ करतो, तो आजींना अंगाने कळला होता.

मग क्रम ठरला. हिवाळ्यात वारा मुख्यतः उत्तरेकडून-ईशान्येकडून येतो, म्हणून उत्तरेची बाजू आधी. पत्र्याच्या लाटांखाली बारदानाच्या पट्ट्या पातळ चिखलात बुडवून घट्ट बसवल्या आणि वरून गिलावा दिला. नुसता कडबा कोंबला असता तर उंदरांची सोय झाली असती आणि उंदरांमागून सापाची! परांचीच्या भोकांत विटांचे तुकडे आणि माती. विटांचे उघडे सांधे आतून लिंपून घेतले.

गिलाव्याची माती हा स्वतंत्र विषय आहे. शेतात काळी माती ढिगाने पडलेली असते, पण ती वाळली की तडकते. भेगा बुजवायला गेलात आणि नव्या भेगा पाडून आलात असं होतं. म्हणून गढीकडची पांढरी माती आणायची, त्यात भुसा आणि शेण घालायचं, पाणी देऊन मुरू द्यायचं आणि पायाने चांगलं तुडवायचं. भुसा काय करतो? काँक्रीटमध्ये फायबर टाकतो ना, तेच. वाळताना येणारा ताण धाग्यांवर जातो आणि मोठी भेग पडत नाही. आम्हाला चार दिवस मुरवायला सवड नव्हती, पण आजींनी गोठ्यासाठी आधीच माती मुरवत घातली होती, तीच कामी आली.

मी कॉन्व्हेंटची असल्यामुळे 'ड्राफ्ट' म्हटलं की मला डिमांड ड्राफ्ट तरी आठवायचा नाहीतर निबंधाचा कच्चा खर्डा. कूड, गिलावा, पोतेरा, सारवण हे शब्द मी त्या दोन दिवसांत शिकले. एकेका शब्दामागे एकेक तंत्र आहे. जनाबाईच्या अभंगांतही दळण-कांडण, झाडलोट, सडा-सारवण येतं. आपण ते भक्ती म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण घर राहण्यालायक ठेवण्याचं हे रोजचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं, आणि त्याला कोणी कधी 'मेंटेनन्स' म्हटलं नाही की मोबदला दिला नाही, हेही त्यात वाचायला हवं.

खिडक्यांसाठी तुराट्यांची चौकट विणली. दोन्ही बाजूंनी खताच्या पोत्याचं कापड आणि मधे तुराट्या, म्हणजे मधे अडकलेल्या हवेचा थर आला. उत्तरेची खिडकी पक्की बंद केली. दक्षिणेची मात्र वर उचलता येईल अशी ठेवली, कारण दिवसाचं ऊन तिकडूनच आत येतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, ती फुकटची ऊब कशाला सोडायची? दाराच्या कडेला ठिबकची नळी लांबीने चिरून बसवली, दार लोटलं की ती दबून फट बंद होते. खालच्या बाजूला ट्यूबची पट्टी लावली आणि जमिनीवर वीट-मातीचा उंबरा घातला. जुन्या घरांना उंबरा असायचा तो नुसता हळदीकुंकवापुरता नव्हता. वारा, पावसाचं पाणी आणि सरपटणारे जीव, तिन्ही तो अडवायचा. आधुनिक प्लॅनमध्ये आपण फ्लोअर सपाट केला आणि उंबरा 'ट्रिपिंग हॅझर्ड' ठरवून टाकला!

पत्र्याखाली शेवटी रिकाम्या पोत्यांचं आढं बांधलं. कारण उघड्या आभाळाखाली पत्रा उष्णता टाकून हवेपेक्षाही गार होतो, श्वासातली वाफ त्याला खालून धरते आणि पहाटे थेंब अंगावर पडतात. 'रात्री घर रडतंय' असं तिथली छोटी मुलगी म्हणाली होती. याहून चांगली 'कंडेन्सेशन'ची व्याख्या मी ऐकलेली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे न वाचता कोणी माती कालवायला जाऊ नये. सगळं बुजवायचं नसतं! घरात चूल आहे. जाळ असतो तेव्हा धूर दिसतो, डोळे चुरचुरतात, माणूस बाहेर पडतो. खरा धोका रात्री उरलेल्या निखाऱ्यांचा. त्यांना धूर नसतो, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या हिवाळ्यात आपण वाचतो. फटी असलेल्या घरात माणूस थंडीने कुडकुडतो पण जगतो. अर्धवट शहाण्याने ते घर बंद केलं तर मरतो.

म्हणून आम्ही चूल दक्षिणेच्या भिंतीशी, वाऱ्याच्या आडोशाला नेली आणि तिच्या वरच्या पत्र्याच्या लाटा मुद्दाम उघड्या ठेवल्या. निखारे झोपण्याआधी घमेल्यात काढून बाहेर न्यायचे, हा नियम सगळ्या घराला सांगितला. म्हातारीलाही आणि लेकरांनाही, कारण एक जण विसरला तर दुसऱ्याने आठवण द्यावी. उत्तरेला आडोसा म्हणून तुराट्यांचं कुंपण घातलं. कडब्याची गंजी मात्र भिंतीला टेकवून रचू दिली नाही, ठिणगी उडाली तर काय? कुंपणही विरळच ठेवलं. भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करतो, विरळ कुंपण त्याचा जोर मोडतं. काय बुजवायचं यापेक्षा काय उघडं ठेवायचं हे ठरवण्यात खरी इंजिनिअरिंग आहे असं मला वाटतं.

निकाल काय? थर्मामीटरचे आकडे देऊन मी कोणाला गंडवणार नाही, दोन रात्रींत काही सिद्ध होत नसतं. पण आधी खोलीत दिवा ठेवला की ज्योत सारखी फडफडायची. नंतर ती सरळ उभी राहिली. माझ्यासाठी ते रीडिंग पुरेसं होतं.

एका आखाड्याचं सोडा, प्रश्न मोठा आहे. याच भागातून दर दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला निघतात. त्यांची पाच-सहा महिन्यांची वस्ती म्हणजे कारखान्याच्या आसपास माळावर घातलेली कोपी. बांबू, तट्टे, पाचट, वर ताडपत्री. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', हिशेबात माणसंसुद्धा हत्याराच्या नावाने मोजली जातात. गळीत हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात. म्हणजे वर्षातला सगळ्यात गार काळ ही कुटुंबं, लहान लेकरांसह, सगळ्यात विरळ भिंतींमागे काढतात. घरकुलाचंही पाहा. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत मैदानी भागात केंद्राच्या निकषाने घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले, राज्याने नंतर त्यात भर घालायचं ठरवलं. पैसे बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने आणि फोटो काढून मिळतात. हिशेबासाठी ते योग्य असेल. पण सिमेंट-सळईचे भाव बघता बऱ्याच घरांचा दम छतापर्यंत येतानाच संपतो आणि दारं-खिडक्या सगळ्यात शेवटी राहतात. फोटोत छत दिसतं. फोटोत वारा दिसत नाही.

माझ्या या मतावर मित्रांनी तीन आक्षेप घेतले. पहिला, 'उन्हाळ्यात काय? बंद घरात भाजून निघतील की!' म्हणूनच खिडक्या काढता-घालता येतील अशा केल्या. मातीचा गिलावा उन्हाळ्यातही उपयोगाचा आहे, आणि पत्र्याखालचं पोत्यांचं आढं दुपारी वरून येणारी धगही थोडी अडवतं.

दुसरा, 'हे तर आजींना माहीतच होतं, तुम्ही कशाला गेलात?' आक्षेप चांगला आहे. पण आजींची विद्या कुडाची आणि माळवदाची आहे. जाड मातीच्या छपराखाली पत्र्याच्या लाटा नव्हत्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दगड-मातीची जड घरं माणसांवर कोसळली आणि हलक्या छताचं महत्त्व सगळ्यांना कळलं. ते बरोबरच होतं. पण पत्रा घरात आला तेव्हा त्याच्यासोबत त्याला गरम ठेवायची विद्या आली नाही. ती आता घडवायची आहे, आजींची माती आणि आपलं सूत्र एकत्र करून. फिनलंड-नॉर्वेत ओंडक्यांच्या घरांतल्या फटींत शेवाळ भरायची पद्धत आहे, अमेरिकेत वसाहतवाल्यांनी तिथे माती आणि गवत भरलं. प्रत्येकाने हाताशी होतं तेच वापरलं. आपल्या हाताशी खताचं पोतं आणि ठिबकची नळी आहे, मग लाज कसली?

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. 'असे जुगाड करून तुम्ही सरकारला आणि मालकाला मोकळं सोडता. गरिबाने चिखल लावून भागवायचं का?' नाही. ठिगळ म्हणजे कापड नव्हे. पूर्ण घर हा हक्क आहे आणि तो मागितलाच पाहिजे. पण हप्ता मार्चमध्ये येणार म्हणून डिसेंबर थांबत नाही. दोन महिन्यांचं बाळ 'पुढच्या टप्प्यात' उबदार होऊ शकत नाही. हक्काची लढाई लढणाऱ्या माणसाला रात्री झोप तरी लागायला हवी ना?

म्हणून सर-मॅडमना आणि तुम्हा सगळ्यांना माझ्या तीन सूचना आहेत. एक, पुढच्या हिवाळी शिबिरात सातपैकी दोन दिवस फक्त फटींसाठी ठेवा. शिबीर डिसेंबरच्या अखेरीस न घेता नोव्हेंबरात घ्या, कारण माती मुरायला आणि गिलावा वाळायला ऊन लागतं. दोन, मेकॅनिकलच्या 'इन्फिल्ट्रेशन'च्या धड्याला आणि सिव्हिलच्या बिल्डिंग ड्रॉइंगला मिळून एक प्रॅक्टिकल जोडा. एक अपूर्ण खोली, एक उदबत्ती, एक टेप, आणि शून्य बजेटमध्ये कामाचा क्रम ठरवायचा. व्हायवात विचारा, 'काय उघडं ठेवाल आणि का?' तीन, आपल्या कॉलेजच्या बांधकामावर जे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यासाठी गंगाखेडला जायचीही गरज नाही, होस्टेलच्या मागच्या गेटपर्यंत चालत गेलं की झालं.

डिग्री मिळाल्यावर आपल्यापैकी कोणी पूल बांधील, कोणी टॉवर. जरूर बांधा! पण घर 'कम्प्लीट' झाल्याचा दाखला देण्याआधी एकदा तिथे उदबत्ती लावून बघा. आणि घर कम्प्लीट नसेल, आत माणसं मात्र राहायला आलेली असतील, तर दाखल्याची वाट न बघता बाह्या सरसावा आणि माती कालवायला घ्या.